'ग'वरचा अनुस्वार

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांची काळजी घ्यायला सुरुवात झाली ती कॉलेज तपासायला बाहेरून कमिटी येणार असं कळल्यावर. त्याआधी काळजी नव्हती असं नाही, पण ज्याला वाटेल त्यानं ती घ्यायची आणि गप्प बसायचं, असा कारभार होता. कमिटी म्हटल्यावर काळजीचा कागद हवा. प्राचार्यांनी शनिवारी बैठक बोलावली, एक परिपत्रक वाचून दाखवलं आणि 'विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास' हे शब्द इतक्यांदा उच्चारले की शेवटी आमच्यातले दोघंतिघं डोळे मिटून ऐकू लागले. प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला वीस मुलं आली. आम्ही त्यांचे 'पालक शिक्षक'. मला तो शब्द तेव्हाही हास्यास्पद वाटला होता, पण मी बोललो नाही. नोकरी कायम होऊन चारच वर्षं झाली होती, आणि गोंदियासारख्या हिंदी बोलणाऱ्या शहरात मराठी शिकवणाऱ्याची नोकरी कायम होणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं.

ही गोष्ट २००८च्या आसपासची. प्रत्येक मुलासाठी चार पानांचा फॉर्म छापून आला. प्रकृती कशी आहे, जेवण कुठं, घरी कोण कोण, मित्र-मैत्रिणी आहेत का, अभ्यासाला जागा मिळते का. तिसऱ्या पानावर एक मोठा चौकोन होता: 'विद्यार्थ्याची अडचण, त्याच्याच शब्दांत'. त्याखाली लहान चौकोन: 'पालक शिक्षकाने केलेला उपाय'. आणि तळाशी एक ओळ, 'पाठपुरावा'. अडचणीला मोठा चौकोन आणि उपायाला लहान, एवढं तरी छापणाऱ्यानं खरं केलं होतं.

माझ्या विसांत एक मुलगी केशोरीकडची होती. बी.ए.चं पहिलं वर्ष, दुसऱ्या बाकावर भिंतीच्या कडेला बसायची. अक्षर मोठं, गोल, एकेक सुटं. घरात बारावीच्या पुढे शिकणारी ती पहिलीच. जिल्ह्याच्या त्या टोकाकडून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून ती शहरात मुलींच्या होस्टेलवर राहायची. घरची माहिती विचारली होती तिथं तिनं सरळ लिहिलं होतं की बाबांनी एका वर्षासाठी पाठवलं आहे. वर्ष नीट काढलं तर पुढची दोन. मध्येच ती घरी परत आली तर शिक्षण बंद आणि आत्याच्या गावचं स्थळ पक्कं, असं ठरलं आहे. म्हणजे या मुलीला काही झालं तरी घरी सांगायची सोय नव्हती. सांगायचं तर त्या चौकोनातच सांगायला हवं होतं, आणि तिनं सांगितलं. त्या एवढ्या मोठ्या चौकोनात तिनं दोनच शब्द लिहिले: 'गमत नाही.'

विदर्भाच्या पूर्व टोकाच्या आमच्या झाडीपट्टीत हा शब्द कुणी उगाच वापरत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीला आई बाकी काही विचारत नाही, गमते का एवढंच विचारते. बायको गेलेला म्हातारा ओसरीवर बसून म्हणतो, आता गमत नाही. जीव कुठं ठरत नाही, दिवस पुढं सरकत नाही, बसलोय ती जागा आपली वाटत नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. तो बोलून दाखवला की ऐकणाऱ्यानं काहीतरी करायचं असतं. निदान जवळ बसायचं असतं.

मी लाल पेन उचललं आणि 'ग'वर टिंब दिलं. गंमत नाही.

मला शब्द माहीत नव्हता असं कुणी माझ्या बाजूनं म्हणू नये. माझं गाव तिच्या गावापासून दोन गावं सोडून. मी १९९९मध्ये एम.ए.ला नागपूरला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला वर्गात उतारा वाचायला लावला होता. आमच्याकडे 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. मी 'काळ'ला 'कार' म्हणालो, 'जवळ'ला 'जवर' म्हणालो, आणि वर्ग हसला. सर चांगले होते, रागावले नाहीत. आधी ळ शिकून घ्या, मग साहित्य पाहू, एवढंच म्हणाले. मी दोन वर्षं खोलीत बसून बाळ, काळ, जवळ, पाणी, लोणी असं मोठ्यानं म्हणत असे. किराणा दुकानाच्या फोनवर आई विचारायची, "गमते का बाबू तुले तिकडं?" मी म्हणायचो, हो, मजेत आहे. मजेत नव्हतो. मी त्या गावात जितका एकटा होतो तितका नंतर कधी झालो नाही, आणि त्या एकटेपणातून मी काय कमावलं, तर दोन अक्षरं.

पण दोन अक्षरं कमावलेला माणूस फार वाईट. गोंदियात नोकरीला लागलो तेव्हा मला वाटलं की या हिंदीच्या गावात शुद्ध मराठी राखायला माझीच नेमणूक झाली आहे. मुलांच्या वह्यांतला प्रत्येक 'काऊन' आणि 'कायले' मी खोडून तिथं 'का' आणि 'कशाला' लिहीत असे. एम.ए.च्या वर्गाला जुनी कविता शिकवताना 'गमे' हे क्रियापद आलं की त्याचे अर्थ सांगण्यात माझा निम्मा तास जायचा. तेच क्रियापद एका मुलीनं स्वतःच्या दुःखासाठी वापरलं तर ते मला चुकलेलं दिसलं.

त्या दुपारी मला वीस फॉर्म संपवायचे होते. टिंब दिल्यावर उपाय सुचायला वेळ लागला नाही. गंमत नाही, तर गंमत देऊ. मी लिहिलं: 'सांस्कृतिक कार्यक्रमात सहभागी करून घेतले.' पाठपुराव्याच्या ओळीवर लिहिलं: 'समाधानकारक.' त्या मुलीला मी बोलावलं नव्हतं, तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. सांस्कृतिक कार्यक्रम तर जानेवारीत होता. पण बाकीच्या प्राध्यापकांनीही असंच केलं होतं, आणि सगळे करतात ते केल्यावर माणसाला चहा गोड लागतो.

चहा पिताना मी तो फॉर्म स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. हिंदीचे सहकारी म्हणाले, "कॉलेज है कि मंडई?" आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, त्यावरून. सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाचा तास होता. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. एका अनुस्वारानं काय होतं ते पाहा, म्हणालो. एका विद्यार्थ्यानं आपली अडचण लिहिली आहे, गमत नाही. आता 'गमत' असा शब्दच मराठीत नाही. त्याला म्हणायचं आहे की कॉलेजात गंमत नाही, म्हणजे सरांनी आता वर्गात नाच करून दाखवावा. नाव मी घेतलं नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. वर्ग खदखदून हसला. त्या वर्गातली निम्मी मुलं घरी हाच शब्द बोलणारी होती, आणि तीच जास्त हसली, कारण न हसणारा ओळखू आला असता. मी नागपुरात तसाच हसायला शिकलो होतो. ती मुलगी हसली नाही, रडलीही नाही. तिनं मान खाली घालून दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले.

त्यानंतर ती पंधराएक दिवस वर्गात दिसली, मग दिवाळीची सुटी लागली. सुटी संपल्यावर तिच्याकडची मुलं नेहमीच उशिरा येतात. मंडई असते, धान कापणीला आलेलं असतं. त्यामुळे ती नाही याची कुणी दखल घेतली नाही. पालक शिक्षकानंही घेतली नाही. हजेरीत तिच्या नावापुढं एका ओळीत गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या आणि मी रोज एक खूण वाढवत गेलो.

डिसेंबरात कमिटीची तारीख आली आणि प्राचार्यांनी सगळे फॉर्म मागवले. त्यांतून नमुन्याचे दहा काढायचे होते. माझ्या विसांतल्या त्या मुलीचा फॉर्म त्यांना सगळ्यांत आवडला. अडचण, उपाय, पाठपुरावा, तिन्ही एकमेकांना जुळतात, म्हणाले. बाकीच्यांनी अडचणीत एक लिहिलं आहे आणि उपायात भलतंच. तिचा फॉर्म फाईलच्या वरच लागला. मग त्यांनी विचारलं की कमिटी मुलांशी बोलते, तर ही मुलगी त्या दिवशी हजर असेल ना. मी म्हणालो, ती दिवाळीपासून आली नाही. ते म्हणाले, जा आणि घेऊन या.

मी पत्ता विचारायला तिच्या होस्टेलमधल्या एका वर्गमैत्रिणीला गाठलं. ही पोरगी गोंदियाजवळचीच, हिंदी बोलणारी. तिनं सांगितलं की होस्टेलवर हिला सगळ्या 'केशोरीवाली' म्हणायच्या आणि हिचं बोलणं तिला म्हणून दाखवायच्या. वाईट मनानं नव्हे, सर, असंही म्हणाली. मग म्हणाली, "वो रोज दोपहर को स्टेशन जाती थी, सर. चांदावाली पॅसेंजर देखने. बैठती नहीं थी, बस देख के आ जाती थी." चांद्याकडं, म्हणजे चंद्रपूरकडं जाणारी ती गाडी अर्जुनीवरून जाते. आमच्या घराकडची गाडी. दोन अडीच महिने ती मुलगी रोज स्टेशनात जाऊन घरची गाडी सुटताना पाहत होती आणि वर्ष नीट काढायचं म्हणून परत होस्टेलवर येत होती. फॉर्ममध्ये 'मनोरंजनाची साधने' असा एक रकाना होता, तिथं तिनं 'फिरणे' लिहिलं होतं.

मी त्याच पॅसेंजरनं अर्जुनीला उतरलो, तिथून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिच्या गावी गेलो. खळ्यावर मळणी चालू होती. तिचे वडील अंगावरचा भुसा झटकत धावत आले. कॉलेजातला प्राध्यापक आपल्या दारी आला आहे यावर त्यांचा विश्वासच बसेना. खाट टाकली, तिच्यावर धुतलेली चादर टाकली, तिच्या आईनं पाणी दिलं. "एवढ्या दुरून आले जी तुमी माज्या पोरीसाठी," असं ते तीनदा म्हणाले. पोरगी मंडईला आली ती परत जायला तयार नाही, काऊन जात नाही ते सांगत नाही, बोलूनच नाही राहिली कोणासंग, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तर लोकांबद्दल भलतंच ऐकलं होतं, पण तुमच्यासारखे असतील तर पोरीला पाठवायला हरकत नाही, असंही म्हणाले. स्थळाकडच्यांना अजून होकार दिला नव्हता. सर स्वतः न्यायला आले आहेत तर तिनं आजच्या आज निघावं, ते एक नाही, तीन वर्षं शिकवायला तयार होते. त्या खाटेवर बसून मी कितीतरी चहा प्यालो आणि मला कशाला पाठवलं आहे ते सांगितलं नाही.

ती बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. बारीक झाली होती. मी शिक्षकासारखं सुरू केलं, अभ्यास बुडतो आहे, परीक्षेचा अर्ज भरायचा आहे, वगैरे. ती ऐकत होती. मी संपवल्यावर तिनं एकच विचारलं.

"कमिटी येणार आहे ना, सर?"

मैत्रिणीनं फोन केला असावा. खोटं बोलायला मला जागा होती. वडील समोर बसले होते, त्यांना काही कळलं नसतं, आणि तिनं ते मानूनही घेतलं असतं. मी हो म्हणालो. खरं बोललो याचं श्रेय घ्यावं असं त्यात काही नाही. मला फक्त दुसरं काही सुचलं नाही.

मग मी केलं ते मला आजही आठवलं की शरम वाटते. आठनऊ वर्षांत जी भाषा मी तोंडातून बाहेर पडू दिली नव्हती, ती मी काढली. "चाल ना बाई," मी म्हणालो, "कायले घरी बसून राहिलीस? मी आहो ना तिकडं." माझ्याच कानाला ते नाटकातल्यासारखं लागलं. तिचे वडील मात्र खुलले. साहेब तर आपल्याकडचेच निघाले जी, म्हणाले.

ती खुलली नाही. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, पहिल्यांदाच, आणि एकेक अक्षर सुटं करत, पुस्तकातल्यासारखं म्हणाली, "नको, सर. मला तिथे करमत नाही."

करमत. कुठं चुकू नये म्हणून शोधून आणलेला, पुण्याच्या माणसालाही कळेल असा शब्द. या वेळी मला दुरुस्त करायला काहीही नव्हतं. तिच्या स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या आईबापासमोर, ती माझ्याशी माझ्या वर्गातलं मराठी बोलली आणि आत निघून गेली. मी तिला कॉलेजात एवढंच शिकवलं होतं, ते तिला आलं होतं.

वडील मला जीपपर्यंत सोडायला आले. त्यांना वाटत होतं की पोरीनं माझा अपमान केला. "अडानी आहे जी ते, राग नोका धरू," म्हणत राहिले. माझ्या पिशवीत त्यांनी नव्या तांदळाची पुरचुंडी घातली. मी नको म्हणालो नाही. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

कमिटीच्या दिवशी तिच्या जागी दुसरी मुलगी बसवली. प्राचार्यांची कल्पना, पण तिची तयारी मी करून घेतली. मुलगी हुशार होती, पालक शिक्षकांमुळे माझा आत्मविश्वास वाढला, असं तिनं न अडखळता सांगितलं. कमिटीतल्या एक बाई फॉर्म चाळत होत्या. लाल टिंब पाहून त्या थांबल्या आणि म्हणाल्या की विद्यार्थिनीची अडचण समजून घेताना तुम्ही तिची भाषासुद्धा सुधारता, हे मला फार आवडलं. सर्वांगीण म्हणतात ते हेच, असं त्या प्राचार्यांना म्हणाल्या. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली मी उभा राहिलो, हललो नाही. हलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, फाईल ओढून ते पान फाडायला हवं होतं, असं आता बसल्या जागी लिहिणं सोपं आहे.

तिनं परीक्षेचा अर्ज भरला नाही. एप्रिलात टपालानं तिच्या लग्नाची पत्रिका आली. वडिलांनी माझ्या नावाआधी 'परमपूज्य' लिहिलं होतं. मी गेलो नाही, आहेरही पाठवला नाही.

पुढच्या जुलैत नव्या वर्षाचे फॉर्म वाटले. मी या वेळी ठरवलं होतं की लाल पेन घरीच ठेवायचं. प्रत्येकाला समोर बसवायचं, आपल्या बोलीत विचारायचं, आणि तो सांगेल ते तसंच लिहायचं. विसांपैकी सहासात तरी माझ्या भागातली मुलं होती. मी म्हणालो, जे वाटते ते लिहा, जसं बोलता तसं लिहा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वरच्या वर्गातल्या मुलांनी त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं होतं ते मला कुणी बोलून दाखवलं नाही, दाखवायची गरजही नव्हती. मी एकेकाला समोर बसवून विचारलं, आणि प्रत्येक जण सरळ बसून, ळ आणि ण जपत, ठीक आहे सर म्हणाला.

संध्याकाळी मी वीस फॉर्म घेऊन बसलो. त्या मोठ्या चौकोनात विसांनी एकच लिहिलं होतं: 'काही नाही.' अक्षरं वेगवेगळी, पण एकातही चूक नव्हती. प्राचार्य ते पाहून खूश झाले, योजना यशस्वी झाली म्हणाले, आणि वार्षिक अहवालात तसं छापूनही आलं. त्यातले चौघं दिवाळीनंतर परत आले नाहीत. काऊन गेले, ते मला कोणी सांगितलं नाही.